म्हाताऱ्या कोंबड्याचं पोट बिघडलं तर: पहिल्या तपासणीपासून कळपात परत सोडेपर्यंत

चार-पाच वर्षं उलटलेला कोंबडा एके दिवशी दाणे टाकले तरी धावत येत नाही. पिसं फुगवून, मान आत ओढून कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याच्या मागे पातळ हिरवट विष्ठा पडलेली असते. नवीन पाळणारे इथे थेट औषधाच्या बाटलीकडे वळतात आणि चूक तिथेच होते. म्हाताऱ्या पक्ष्यात बिघडलेलं पोट हे बऱ्याचदा मूळ दुखणं नसतं. सांधे आखडलेत म्हणून भांड्यापर्यंत जाता येत नाही, चोच वाढल्यामुळे दाणा उचलता येत नाही, तरुण कोंबडा खाऊ देत नाही, जंत झालेत, यकृत थकलंय, अशा कुठल्याही कारणाचं शेवटचं टोक पोटावर दिसतं. म्हणून क्रम असा ठेवा: अन्न नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधायचं, मग ते का अडलं ते बघायचं, आणि औषधाचा विचार त्यानंतर.

अन्नाची वाट माहीत असू द्या

कोंबड्याला दात नसतात. गिळलेला दाणा आधी अन्नपिशवीत साठतो. ही पिशवी मानेच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या बाजूला असते आणि बाहेरून हाताला लागते. तिथून अन्न पाचकरस सोडणाऱ्या छोट्या जठरात आणि मग गिझार्डमध्ये जातं. गिझार्ड म्हणजे जाड स्नायूंचं जातं. गिळलेले बारीक खडे हे त्याचे दात. पुढे आतडं, आतड्याच्या शेवटाजवळ दोन आंधळ्या पिशव्या, आणि शेवटी गुदद्वार. विष्ठा आणि लघवी दोन्ही तिथूनच बाहेर पडतात.

वय वाढलं की या वाटेवरचे स्नायू ढिले पडतात. अन्नपिशवी सावकाश रिकामी होते, गिझार्डची ताकद कमी होते. त्यात कोंबड्याचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. चांगलं खाणं सापडलं की तो कुकूकू करत कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. तरुणपणी हे खपून जातं. म्हातारपणी तोच कोंबडा दिवसभर दाण्याजवळ दिसतो, पण पोटात फारसं काही गेलेलं नसतं. तो भांड्यापाशी उभा आहे, म्हणजे जेवतोय, असं धरून चालू नका.

धरायचं कसं आणि बघायचं काय

दिवसा पाठलाग करून धरू नका. अशक्त पक्षी धावपळीनेच कोसळू शकतो. दिवेलागण झाल्यावर, तो दांडीवर बसला की मंद उजेडात दोन्ही पंखांवरून हात घालून उचला आणि जुन्या टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा. पायामागच्या टोकदार काट्यांपासून सांभाळा, दोन्ही पाय एका हाताच्या बोटांत धरा. टॉवेल छातीवर आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो, त्यामुळे छाती दाबली गेली तर तो हातातच गुदमरतो.

सर्वात आधी वजन. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर टोपली ठेवा, काटा शून्यावर आणा, पक्षी आत बसवा, आकडा वहीत लिहा. निरोगी असताना दर आठवड्याला वजन करण्याची सवय लावली, तर पुढचं निम्मं काम वाचतं. पिसांखाली हाडं झाली तरी बाहेरून कोंबडा भरलेलाच दिसतो. आधीच्या वजनापेक्षा दहा टक्के घट, म्हणजे तीन किलोच्या पक्ष्यात तीनशे ग्रॅम, ही गंभीर बाब आहे. जुना आकडा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांसाचा गोलवा हवा. हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर हे दुखणं कालचं नाही, कित्येक आठवड्यांचं आहे.

मग तोंड. वरची चोच खालच्या चोचीवर वाकून वाढली आहे का? जिभेभोवती दोरा किंवा केस गुंडाळलेला आहे का? आत पिवळट-पांढरे चिकट थर असतील तर ते खरवडू नका, खालून रक्त येतं. त्यामागे बुरशी, कबुतरांकडून येणारा तोंडाचा संसर्ग किंवा देवीचा आतला प्रकार असू शकतो, आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. तुऱ्याचा रंग बघा: फिकट असेल तर रक्त कमी, जांभळट असेल तर हृदय किंवा श्वासाकडे लक्ष द्या.

पोटावर, दोन्ही पायांच्या मधे, हलक्या हाताने दाबून बघा. कोंबडीचं पोट अंड्याच्या दुखण्यांमुळेही फुगतं. कोंबड्यात तो प्रश्नच नाही. त्यामुळे त्याचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागलं तर यकृत, हृदय किंवा गाठ यांपैकी काहीतरी आहे असंच समजा आणि पचनाची औषधं देत दिवस घालवू नका.

शेवटी गुदद्वार. तिथली पिसं विष्ठेने माखून घट्ट झाली असतील तर वाट बाहेरूनच बंद झालेली असते. गोळा ओढून काढू नका, कातडी फाटते. कोमट पाण्यात कापड भिजवून दहा मिनिटं धरा, मऊ झाल्यावर अलगद सोडवा, उरलेली पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापा आणि पक्षी पूर्ण कोरडा करा. त्याच वेळी पिसांच्या मुळाशी उवा आणि त्यांच्या अंड्यांचे पुंजके दिसतात का बघा. आजारी पक्षी चोचीने अंग साफ करणं सोडतो आणि उवा झपाट्याने वाढतात.

अन्नपिशवी: रात्री एकदा, पहाटे एकदा

सगळ्या तपासणीत ही सर्वात उपयोगाची आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. रात्री झोपताना अन्नपिशवी चाचपा. जेवलेल्या पक्ष्यात ती भरलेली, थोडी मऊ असते आणि आत दाणे जाणवतात. रात्रभर खाणं-पाणी काढून ठेवा आणि उजाडताच, काही खायच्या आत पुन्हा चाचपा. ती सपाट, जवळजवळ नाहीशी झालेली हवी.

रात्रीही रिकामी होती, तर तो खातच नाही. दोष पिशवीत नाही, भूक किंवा वाट अडवणारं काहीतरी शोधा. रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी, तर वरची वाट मोकळी आहे, आतड्याकडे आणि विष्ठेकडे वळा. पहाटेही भरलेली असेल तर अन्न अडलं आहे, आणि हाताला ते कसं लागतं यावर पुढचं ठरतं. भिजवलेल्या कणकेसारखं किंवा दगडासारखं घट्ट असेल तर गवत, दोरा, तूस यांचा बोळा. पाण्याच्या फुग्यासारखं डुचमळत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल, तर अन्न आत आंबलंय आणि बुरशी वाढली आहे. पिशवी लोंबत छातीखाली उतरली असेल तर तिचे स्नायू कायमचे सैल झालेत. ती पूर्ववत होत नाही, तिला सांभाळून चालवावं लागतं.

म्हाताऱ्या पक्ष्याबाबत एक गोष्ट ठळक सांगायला हवी. पिशवी अडण्याचं कारण अनेकदा खाली असतं: गिझार्डमध्ये अडकलेला खिळा, जंतांचा गठ्ठा, आतड्याची सूज, नसांवर परिणाम करणारा आजार, शिसं किंवा जस्ताची विषबाधा. पिशवी मोकळी केली आणि दोन दिवसांत पुन्हा भरली, तर वरची मालीश थांबवून खालचं कारण शोधा. एक्स-रेमध्ये धातू आणि खडे स्पष्ट दिसतात.

विष्ठेवरून काय कळतं

पक्ष्याला रात्रभर पांढऱ्या कागदावर किंवा जुन्या पांढऱ्या चादरीवर ठेवा. भुसा घातलेल्या जमिनीवर रंगही कळत नाही आणि पाणीही.

नेहमीची विष्ठा तपकिरी-करडी, घट्टसर आणि वर पांढरी टोपी असलेली. ती पांढरी टोपी म्हणजे लघवी. साधारण आठ-दहा विष्ठांमागे एक चिकट, काकवीसारखी, भयंकर वासाची पडते. ती आंधळ्या पिशव्यांमधून येते आणि अगदी निरोगी असते. नवीन लोक तिलाच हगवण समजतात.

गडद हिरवी, थोडी थोडी पडणारी विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही आणि नुसतं पित्त उतरतंय. हिरवा चारा खाल्ल्यानेही हिरवा रंग येतो, पण तेव्हा विष्ठा भरपूर असते. पांढऱ्या भागाभोवती पाण्याचं तळं असेल आणि तपकिरी भाग घट्टच असेल, तर ती हगवण नाही, लघवी जास्त होते आहे. उन्हाळा, जास्त मीठ किंवा मूत्रपिंडाचं दुखणं, यांतलं कोणतं ते पाहा. गंधकासारखी पिवळी विष्ठा यकृत आणि आंधळ्या पिशव्यांच्या संसर्गाकडे बोट दाखवते. रक्त किंवा रक्ताळलेली शेम दिसली तर कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, पहिल्यांदा मनात यावी. न पचलेले अख्खे दाणे बाहेर पडत असतील तर गिझार्ड दळत नाही: खडे संपलेत किंवा स्नायू थकलेत. तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे म्हणजे चपट्या जंताचे खंड. शेवयांसारखे लांब जंत दिसले तर ते गोल जंत. जंत डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असं मात्र नसतं.

ताज्या विष्ठेचा चमचाभर नमुना स्वच्छ डबीत भरून त्याच दिवशी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत द्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवण करणारे सूक्ष्म परजीवी, लगेच ओळखता येतात. अंदाजाने दिलेल्या तीन औषधांपेक्षा ही एक तपासणी स्वस्त पडते.

पहिले चोवीस तास

कारण सापडायच्या आधी चार गोष्टी सुरू करा. ऊब, पाणी, शांतता आणि मोजमाप. अशक्त पक्षी आजाराच्या आधी थंडीने आणि पाणी कमी पडल्याने मरतो.

साधारण दोन फूट लांब-रुंद खोका किंवा पिंजरा घ्या, तळाशी टॉवेल आणि वर कागद. दांडी ठेवू नका, पडेल. एका बाजूला दिवा किंवा गरम पाण्याची गुंडाळलेली बाटली ठेवून ती बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत उबदार करा आणि दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे नको झालं की तो सरकेल. चोच उघडून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. दिवा साखळीने किंवा क्लॅम्पने पक्का बांधा, पेंढ्यावर पडलेल्या दिव्याने आग लागते. खोका अशा जागी ठेवा की कळपाचा आवाज त्याच्या कानावर पडेल. पूर्ण एकटा पडलेला कोंबडा खायचं सोडतो.

पाण्यात क्षार द्यायचे तर एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. याहून जास्त मीठ नको, पक्ष्यांना ते लवकर बाधतं. हे पाणी रोज ताजं करा, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त देऊ नका आणि शेजारी साधं पाणीही ठेवा. पाण्याची गरज दिवसाला वजनाच्या किलोमागे किमान ५० मिली आणि हगवण असेल तर त्याहून जास्त. भांड्यात सकाळी मोजून ओता, संध्याकाळी उरलेलं मोजा, वहीत लिहा.

स्वतः पीत नसेल तर त्याची चोच पाण्यात बुडवू नका. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावा, तो गिळेल, मग पुढचा. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. घाईने सिरिंज रिकामी केली तर पाणी फुप्फुसात जातं. उपचार सुरू केल्यावर चांगला दिसणारा पक्षी अचानक मेला, त्यात पुष्कळदा हेच घडलेलं असतं.

अन्नपिशवी अडली असेल तर

घट्ट बोळा असेल तर बारा तास घट्ट खाणं बंद, पाणी चालू. तरुण पक्षी चोवीस तास काढतो, म्हातारा वाळलेला पक्षी काढत नाही, म्हणून बाराच. कोमट पाणी थेंबाथेंबाने १० ते १५ मिली पाजा. घट्ट थिजलेल्या खोबरेल तेलाचे वाटाण्याएवढे चार-पाच तुकडे भरवा. पातळ तेलापेक्षा थिजलेलं बरं, कारण ते फुप्फुसात जायची भीती कमी. अर्ध्या तासाने पक्ष्याला सरळ उभा धरून बोटांनी गोळा अलगद चुरा, कडेपासून मध्याकडे, पाच मिनिटं. दिवसातून चार वेळा. जोर लावू नका, पिशवी पातळ असते. दोन दिवसांत गोळा मऊ होऊन लहान व्हायला हवा. झाला नाही तर पशुवैद्याकडे न्या. पिशवी उघडून बोळा काढण्याची शस्त्रक्रिया अनुभवी हाताखाली सहसा चांगली पार पडते, पण पक्षी पूर्ण खंगायच्या आधी नेला तरच.

आंबलेल्या पिशवीसाठी कोंबड्याला उलटा धरून ओकायला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. बाहेर येणारं पाणी त्याच वाटेने श्वासनलिकेत शिरतं आणि म्हाताऱ्या पक्ष्यात तो झटका जीवघेणा ठरतो. पिशवी रिकामी करायची तर पशुवैद्य नळीने करतात. नंतरचं औषध बुरशीवरचं: निस्टॅटिन. एका मिलीत एक लाख युनिट असलेल्या द्रावणात पक्ष्यांसाठी वजनाच्या किलोमागे १ ते ३ मिली, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस, अशी मात्रा वापरात आहे. नेमका आकडा पशुवैद्याकडून घ्या. निस्टॅटिन आतड्यातून शोषलं जात नाही, बुरशीला भिडलं तरच काम करतं, म्हणून खाण्याआधी, रिकाम्या पिशवीत द्या. या दिवसांत साखर, भाकरी-पाव आणि गोड फळं बंद, बुरशी त्यावरच पोसते. वरचं साखर-मिठाचं पाणीही अशा पक्ष्याला नको. साधं पाणी द्या. आणि इथे अँटिबायोटिक दिलं तर बुरशीला रोखणारे जिवाणूच मरतात आणि आजार वाढतो.

लोंबती पिशवी असेल तर एकदम भरपूर खायला देऊ नका. भिजवलेलं मऊ खाद्य दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या आणि लांब गवत कायमचं बंद. मऊ कापडाचा आधारपट्टा बांधता येतो. खाली एक बोट सहज जाईल इतका सैल हवा.

खालचं दुखणं: कॉक्सिडिया, जंत आणि इतर

रक्ती हगवण प्रामुख्याने पिल्लांचा रोग. मोठ्या पक्ष्यांना एकदा होऊन गेलेल्या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. म्हाताऱ्या कोंबड्यात ती दिसली, तर शरीर दुसऱ्या कशाने तरी खचलं आहे किंवा नवीन जागा, नवीन पक्षी यांतून नवा प्रकार आलाय. अँप्रोलियम पाण्यातून ०.०२४ टक्के द्यायचं, म्हणजे २० टक्के पावडर असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस. पुढे एक-दोन आठवडे लिटरला ०.३ ग्रॅम. रोज ताजं बनवा आणि तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवू नका. अँप्रोलियम बी-१ जीवनसत्त्वाची जागा घेऊन परजीवीला उपाशी मारतं. त्यामुळे त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स दिलं तर औषध वाया जातं. ते कोर्स संपल्यावर द्या. तो पाणीच पीत नसेल तर पाण्यातलं औषध पोटात जात नाही, अशा वेळी तोंडावाटे मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्या. अंथरूण कोरडं ठेवा. ओल आणि ऊब मिळाली की कॉक्सिडियाची अंडी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात.

जंतांचं औषध जंताच्या जातीप्रमाणे. पायपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं. चपट्या जंतांना प्रॅझिक्वांटेल लागतं. फेनबेंडाझोल गोल आणि केसासारख्या बारीक जंतांवर चालतं, पण पिसं गळून नवीन येत असताना देऊ नका, नवीन पिसं वेडीवाकडी येतात. जंतांचा भार मोठा असेल आणि पक्षी फार अशक्त असेल, तर आधी दोन-तीन दिवस खाऊ-पिऊ घाला, मग औषध. एकदम मेलेल्या जंतांचा गठ्ठा आतडं अडवू शकतो. दहा ते चौदा दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासा.

मात्रेचं गणित स्वतः करायला शिका, सर्वात जास्त घोळ तिथेच होतो. समजा कोंबडा ३.२ किलोचा आणि पशुवैद्याने फेनबेंडाझोल किलोला २० मिलीग्रॅम, पाच दिवस सांगितलं. ३.२ गुणिले २०, म्हणजे रोज ६४ मिलीग्रॅम. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर एका मिलीत १०० मिलीग्रॅम, म्हणून ०.६४ मिली. तेच औषध २.५ टक्क्यांचं असेल तर एका मिलीत २५ मिलीग्रॅम, आणि मग २.५६ मिली लागतील. टक्केवारी न वाचता शेजाऱ्याने सांगितलेले मिली दिले, तर चौपट जास्त किंवा पाव मात्रा जाते. चमच्याने नाही, एक मिलीच्या सिरिंजने मोजा. सुई अर्थातच काढून.

अँटिबायोटिक अंदाजाने नको. आतड्याच्या जिवाणुजन्य सुजेत ते लागतं, पण कोणतं आणि किती दिवस हे पशुवैद्याने ठरवायचं. रेचकंही नकोत. पाणी कमी झालेल्या म्हाताऱ्या पक्ष्यातलं उरलेलं पाणीही ती ओढून घेतात. वेदनाशामक देण्याआधी शरीरात पाणी भरायला हवं, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंडांवरून आठवलं: बरेच म्हातारे कोंबडे वर्षानुवर्षं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य खात असतात. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. कोंबड्याला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंड बिघडवतं. कळपाला साधं खाद्य आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ही व्यवस्था सगळ्यांना चालते.

औषधाच्या दिवसांत आणि बाटलीवर लिहिलेला थांबण्याचा काळ संपेपर्यंत त्या पक्ष्याचं मांस खाऊ नका. पाण्यातलं औषध सगळ्या कळपाने प्यायलं असेल तर अंडीही नाही. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवा, साल्मोनेला माणसालाही लागतो.

पुन्हा खायला लावणं

अन्नपिशवी पहाटे रिकामी व्हायला लागली की खाणं सुरू. नेहमीचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा, त्यात उकडलेलं अंडं कुस्करा. पहिल्या दिवशी एका वेळी दोन चमचे, दिवसातून चार-पाच वेळा. पुढचं भरवण्याआधी पिशवी चाचपा. आधीचं उतरलं नसेल तर थांबा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर घातलं तर शरीरातले क्षार ढासळतात. नळीने भरवायची वेळ आली तर ती नळी कशी घालायची हे पशुवैद्यासमोर एकदा स्वतः करून बघा. वाचून करण्याची ही गोष्ट नाही.

भूक जागवायला त्याच्या खोक्याशेजारी जाळीपलीकडे एक शांत कोंबडी ठेवा. तिला टोचताना पाहून तोही टोचायला लागतो. निरोगी मोठा पक्षी दिवसाला १०० ते १३० ग्रॅम खाद्य खातो. तिथपर्यंत पोचायला आठवडा लागू द्या. अख्खे दाणे सर्वात शेवटी, आणि सोबत ३ ते ५ मिलीमीटरचे न विरघळणारे खडे. शिंपल्याचा चुरा जठरात विरघळतो, तो दळायच्या कामाचा नाही.

घरी थांबू नये अशा वेळा

विष्ठेत ताजं रक्त, चोवीस तास पाणी न घेणं, शेपूट वर-खाली हलवत घेतलेला श्वास, मान मुरगळणं, पाय लुळे पडणं, पाण्याने भरलेलं पोट, किंवा काहीही न पडणं: यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्य. कळपातले एकापेक्षा जास्त पक्षी एकदम आजारी पडले किंवा पटापट मेले, तर म्हाताऱ्या कोंबड्याच्या पोटाचा हा प्रश्न उरत नाही. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. पक्षी कुठेही हलवू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

कळपात परत

सलग तीन पहाटे अन्नपिशवी रिकामी, विष्ठा घट्ट, वजन चढतं आणि आवाजात जोर, एवढं झालं की परत सोडायचा विचार करा. पण त्याची जागा आता दुसऱ्याने घेतलेली असते. दोन-तीन दिवस जाळीआडून सगळ्यांसमोर ठेवा, मग संध्याकाळी दांडीवर बसायच्या वेळी आत सोडा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे हजर राहा. तरुण कोंबडा सोडत नसेल तर म्हाताऱ्याला दोन समजूतदार कोंबड्यांसह वेगळं खुराडं करून द्या. तडजोड म्हणून नाही, त्याचं पोट टिकायचं तर त्याला निवांत जेवता आलं पाहिजे.

खुराड्यातही बदल हवेत. दांडी फूट-सव्वा फुटावर उतरवा. खाद्याचं भांडं पाठीच्या उंचीला आणि दोन ठिकाणी. कापलेलं गवत बोटाच्या दोन पेरांहून लांब नको. दोरे, खिळे, तारेचे तुकडे वेचून काढा. खाद्य कोरड्या बंद डब्यात. बुरशीचा जरासा वास आला तरी टाकून द्या, त्यातलं विष यकृतावर बसतं आणि म्हाताऱ्या यकृताला ते झेपत नाही. विष्ठेची तपासणी वर्षातून दोनदा.

बरा होणार नसेल तर

कधी कधी कारण गाठ असते, कधी थकलेलं यकृत. खाऊ घालूनही वजन उतरत राहिलं, उभं राहता येईना, पाण्याकडेही वळेना, तर पशुवैद्याकडून त्याला वेदनेशिवाय निरोप देणं हीसुद्धा काळजीच आहे, आणि ती वेळेवर करावी. त्या दिवशी त्याला उबेत ठेवा, जबरदस्तीने भरवू नका.

पक्षी गेला तर शवविच्छेदन करून घ्या, मागे उरलेल्या कळपासाठी ते गरजेचं आहे. शव पाण्याने ओलं करून पिसं अंगाला बसवा म्हणजे आतली उष्णता लवकर निघते, दोन पिशव्यांत बंद करा, फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, गोठल्यावर पेशी फुटतात आणि काही कळत नाही. चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा आणि सोबत ती वही द्या: वजनं, विष्ठेचे रंग, दिलेली औषधं आणि तारखा.